बाहेर ठेवलेला दगड

फार पूर्वी कुंभवती नगरीत दंडसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव दृढक. दगड पाहताच तो कुठे बसेल हे त्यांना कळे, आणि त्यांनी बसवलेला दगड पुन्हा हलत नसे.

दंडसेनाला काही म्हणजे काही कमी नव्हते. पण दुसऱ्याचे चांगले झाले की त्याच्या पोटात दुखे, आणि त्यावर राजवैद्याकडे चूर्ण नव्हते. जिवंत माणसांचा हेवा करून झाल्यावर तो मेलेल्यांकडे वळला. नगराबाहेर ओढा अडवून घातलेला एक जुना दगडी बांध होता. तो कोणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हते. लोक नुसते ‘थोरल्यांचा बांध’ म्हणत, आणि तळ्यावर पाणी भरायला आले की आधी त्याला हात लावून नमस्कार करीत. तो नमस्कार राजाच्या डोळ्यांत खुपे.

“नाव नाही, गाव नाही, आणि मान माझ्याहून मोठा!” म्हणून तो चडफडे.

बांध जिथे संपे तिथून जादा पाणी वळसा घालून वाहून जाई. राजाने बांध पुढे वाढवायचे ठरवले आणि काम दृढकांवर सोपवले. तीन उन्हाळे काम चालले. बांध दुप्पट लांब झाला, तळे फुगले, नगराची तहान भागली. समोरच्या डोंगरापर्यंत मात्र तो पोचला नाही. तेवढा दगड आणि तेवढी माणसे त्या काळी नव्हती.

तेव्हा राजाने आज्ञा केली, “बांधाचे शेवटचे तोंड सपाट करा, घोटून गुळगुळीत करा आणि त्यावर माझी मूर्ती कोरा. यापुढे एक दगडही कुणाला जोडता येता कामा नये. बांध मी घालायचा आणि उद्या जन्मणाऱ्यांनी आयत्या तळ्यात डुंबायचे? वर त्यांनी तो माझ्याहून लांब नेला, तर माझे नाव कोण घेणार?”

बोधिसत्त्व नमस्कार करून कामाला लागले.

ठरल्या दिवशी राजा लवाजमा घेऊन आला. पाहतो तर मूर्ती नाही, गुळगुळीत तोंड नाही. शेवटचे दगड एक आत, एक बाहेर, असे ठेवलेले. दुधाचे दात पडलेल्या पोराने तोंड उघडावे तसा तो बांध दिसत होता. राजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“याचे दोन्ही हात तोडा!” तो ओरडला.

बोधिसत्त्वांनी हात पुढे केले. “हात महाराजांचेच आहेत. पण आधी एक दाखवावे. थोरल्यांचा बांध कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो? ते दाखवून खुशाल तोडावेत.”

“त्यात काय आहे दाखवण्यासारखे?” म्हणत राजा मागे फिरला. त्याने नुसते पाहिले. मग तळहात फिरवून पाहिला. मग नखाने चाचपले. तीन वेळा तो त्या बांधावरून गेला नि आला, पण जोड काही सापडेना. बरोबरचे मानकरी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत उभे राहिले.

“इथे आहे, महाराज,” बोधिसत्त्वांनी एका जागी बोट ठेवले. “थोरल्यांनीही शेवटचे दगड असेच सोडले होते. आम्ही आपले दगड त्या खाचांत गुंतवले. त्यांनी तोंड सपाट केले असते, तर आपला बांध त्याला नुसता टेकून राहिला असता आणि पहिल्याच पुरात सुटला असता. आपण कोण येणार हे त्यांना माहीत नव्हते. तरी आपल्यासाठी जागा ठेवून गेले.”

राजाने त्या जोडावरून बोट फिरवले. मग त्याने अगदी हळू विचारले, “म्हणजे त्यांना माझा हेवा वाटला नाही?”

“वाटला असेल, महाराज. माणसेच होती ती. पण दगड बाहेर ठेवला.”

इतकी वर्षे ज्यांच्यावर आपण जळलो, त्यांनी आपल्यासाठी जागा राखली होती! राजाला लाज वाटली, आणि सर्वांदेखत रडू आले. त्याने शिक्षा मागे घेतली. एक दगड अजून बसायचा होता. तो बसवायला त्याने स्वतः हात लावला.

“येतील लेकाचे, आयते पाणी पितील!” तो पुटपुटला, आणि दगड बोटभर आणखी बाहेर सरकवला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात एका वृद्ध भिक्षूला सांगितली. नव्या भिक्षूंसाठी कुटी बांधायचे ठरले तेव्हा “आम्ही झाडाखाली भिजलो, यांना आयते छप्पर कशाला?” असे तो म्हणाला होता.

“तेव्हाचा दंडसेन राजा म्हणजे हा भिक्षू, आणि दृढक पाथरवट मी होतो,” शास्ते म्हणाले.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. मग त्याने विचारले, “भन्ते, पुढे तो बांध डोंगरापर्यंत गेला का? ते पाणी कुणाला मिळाले?”

“कित्येक पिढ्यांनंतर लोकांनी तो पुरा केला. त्या वर्षी नगरात एक मुलगी जन्मली. चालू लागल्यावर ती आईबरोबर तळ्यावर आली, बांधाला हात लावून तिने नमस्कार केला आणि ओंजळभर पाणी प्याली. ती मुलगीही तूच होतास.”

मग शास्ते सर्वांना म्हणाले, “दुसऱ्याच्या सुखात सुख मानणे, याला मुदिता म्हणतात. ज्याला ती अजून साधत नाही, त्याने निदान दगड बाहेर ठेवावा.”