बंदुकीची बारीक माशी

घाटाखालच्या पिंपळदरा गावात एक शिकारी राहत होता. त्याचं नाव हैबती दळवी. पंचक्रोशीत त्याच्या नेमाला तोड नव्हती. रानडुकरं शिवारात शिरली, की लोक आधी देवाला हाक मारत आणि मग हैबतीला. संस्थानने त्याला एक रायफल दिली होती. तिच्या चापाखाली एक लोखंडी कडी होती. ती खाली ओढून परत वर घेतली, की पुढचं काडतूस नळीत जाऊन बसे.

पन्नाशी उलटल्यावर हैबतीच्या एक गोष्ट ध्यानात आली. दूरचं जनावर त्याला पूर्वीसारखंच दिसे. पण नळीच्या टोकावरची माशी, जिच्या आधाराने नेम धरायचा, तीच धुरकट होई. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोने सुईत दोरा ओवून मागितला, की त्याला गोठ्यातलं काहीतरी काम आठवे.

त्या वर्षी एका मातलेल्या डुकराने गावाला जेरीस आणलं. लाकडांना गेलेल्या दोन बायांना त्याने फाडलं, त्यातली एक दगावली. त्याचा बंदोबस्त हैबतीने करावा, असा संस्थानचा हुकूम आला. नेमकी त्याच आठवड्यात रायफल खडकावर आपटून तिची माशी मोडली होती. हैबती ती घेऊन कासम मिस्त्रीकडे गेला. संस्थानच्या सगळ्या बंदुका हा मिस्त्रीच दुरुस्त करी.

मिस्त्रीने फडक्यावर तीन जिनसा मांडल्या. एक होती पोलादी माशी, सुईच्या टोकासारखी बारीक. दुसरीवर ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी मणी होता. तिसरी होती एक गोल चकती, मधोमध भोक असलेली. ती मागे, डोळ्याजवळ बसवायची आणि भोकातून पाहायचं. मिस्त्रीने रायफल हैबतीच्या हातात दिली, बारीक माशी नळीच्या टोकावर धरली आणि दिसते का ते विचारलं.

हैबतीला तिथे नुसतं धुकं दिसलं. पण दुकानात शेजारच्या गावचा रंगनाथ नावाचा तरणा शिकारी बसला होता.

“स्वच्छ दिसते,” हैबती म्हणाला.

मिस्त्रीने क्षणभर त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग आवाज उतरवून तो म्हणाला, “दळवी, या वयात माशी सगळ्यांचीच विरघळते. मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही. चकती बसवून देतो, त्यात लाज कसली?”

“चकत्या म्हाताऱ्यांना बसव,” हैबती रंगनाथला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. “मला बारीक माशीच हवी.”

मिस्त्रीने पुढे वाद घातला नाही. त्याने बारीक माशी बसवली, मागच्या अंगणात तीन गोळ्या झाडून पाहिल्या. तिन्ही खुणेवर लागल्या.

चार दिवसांनी सकाळी हाका निघाला. पंधरा-वीस माणसं ढोल बडवत, डबे वाजवत ओढ्याच्या बाजूने डुकराला हुसकावत आली. हैबती उंच दरडीवर बसला होता. डुक्कर झुडपांच्या जाळीतून बाहेर पडलं. हैबतीने रायफल खांद्याला लावली. डुक्कर दिसत होतं, पण माशी दिसेना. त्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. ढोल जवळ येत होते. या वेळी बार टाकू नये, हे तीस वर्षं शिकार करणाऱ्या माणसाला कळत होतं. पण हैबतीने बार टाकला नाही, असं गाव म्हणेल, हेही त्याला कळत होतं. त्याने अंदाजाने चाप ओढला.

डुक्कर निसटलं. डावीकडच्या निरगुडीआडून माणसाची किंकाळी आली. ढोलवाला धाकू गुडघा धरून खाली पडला होता.

लोक धावले. कोणीतरी हैबतीला विचारलं, असं कसं झालं? विचारणाऱ्याच्या मनात संशय नव्हता, नुसतं नवल होतं. हैबतीच्या तोंडून निघून गेलं, “मिस्त्रीने माशी वाकडी बसवली.”

एकदा निघालेला शब्द गावभर झाला. संस्थानच्या कारभाऱ्यांनी कासम मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, की आपल्या हातून गेली तेव्हा बंदूक नेमात होती. कारभाऱ्यांनी रायफल तपासायला मागितली, तर हैबतीने सांगितलं, की रागाच्या भरात ती माशी मी उपटून फेकली. तेवढं मात्र खरं होतं. चकतीचं बोलणं मिस्त्री काढू शकला असता. त्याने एकदा हैबतीकडे पाहिलं आणि तो गप्प राहिला. तीस वर्षांच्या नावलौकिकापुढे मिस्त्रीचा शब्द हलका पडला. संस्थानचं काम त्याच्याकडून गेलं.

हैबती रोज धाकूला पाहायला जाई. धाकू खाटेवर पडून मिस्त्रीला शिव्या देई. त्याची म्हातारी आई हैबतीपुढे गुळाचा खडा आणि पाणी ठेवी, म्हणे, “तात्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” हैबती तो गूळ तसाच ठेवून उठे. गावात कोणी त्याला दोष देत नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना. वाटेत ओळखीचं माणूस दिसलं, की तो बांध चढून पलीकडे जाई.

महिनाभराने त्याने सकाळीच कासम मिस्त्रीचं घर गाठलं. मिस्त्री दारात कोणाच्या तरी कोयत्याला धार लावत बसला होता. बंदुका दुरुस्त करणारे ते हात कोयत्यावर पाहून हैबतीला मान वर करवेना. तो इतकंच म्हणाला, “तू त्या दिवशी बोलला का नाहीस?”

मिस्त्री हातातलं काम न थांबवता म्हणाला, “डोळे तुमचे होते, दळवी. बोलायचं तुम्हीच होतं.”

हैबती तिथून सरळ कारभाऱ्यांच्या कचेरीत गेला. भरल्या कचेरीत त्याने सगळं सांगितलं. मिस्त्रीने दिलेला सल्लाही सांगितला आणि आपण खोटं बोललो तेही. रायफल त्यांच्यासमोर ठेवली. मिस्त्रीला त्याचं काम परत मिळालं. डुकराची कामगिरी रंगनाथकडे गेली, आणि त्याने ती पंधरा दिवसांत पार पाडली.

मग हैबती धाकूकडे गेला. धाकू आता काठी टेकत अंगणापर्यंत येऊ लागला होता, पण गुडघा कायमचा आखडला होता. कचेरीतली बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. हैबती खाली मान घालून उभा राहिला.

“तात्या,” धाकू म्हणाला, “गोळी चुकून लागली. पाय गेला, तो मी कधीतरी विसरेन. पण एका भल्या माणसाला मी महिनाभर तळतळाट दिले. ते तुम्ही माझ्या तोंडून देवविलेत.”

त्या दिवशी हैबतीपुढे गुळाचा खडा कोणी ठेवला नाही.

तात्पर्य: आपलं उणेपण कबूल करण्यात क्षणभराची लाज असते, ते झाकायला गेलं, की नुकसान दुसऱ्याचं होतं आणि लाज जन्मभराची होते.