डब्याचे कान

"मग चुकतंय कोण, उस्ताद? माझा डबा, की तुमचा हात?"

भरतेश चौगुले बोलून गेला आणि त्याचे कान तापले. असं विचारायचं नव्हतं.

उस्ताद दस्तगीरसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बोलणं त्यांना शक्यच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून मांडीशी पाटी आणि पेन्सिल.

त्यांनी पाटी वळवून दाखवली.

"पुन्हा."

सतरंजीवर मधोमध डबा होता. आठ कळा, एक स्पीकर, एक हिरवा दिवा, वर बिजागरीचं झाकण. कळा दाबल्या की डबा तबल्याचे बोल म्हणायचा.

तबला आधी तोंडानं शिकवतात. गुरू बोल म्हणून दाखवतो, शिष्य ते म्हणतो, मग हाताची पाळी येते. उस्तादांचं तोंड बंद झालं तसे मिरजेतले शिष्य एकेक करून गळाले. हातही आता कापत होता. दोन-चार बोल वाजले की बोटं दुखायची.

राहिली होती फक्त त्यांची मुलगी, जरीना आपा.

तिला एकच चीज शिकायची होती. उस्तादांच्या उस्तादांची एक मोठी तिहाई. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. शुक्रवारी त्या थोरल्या उस्तादांची बरसी, म्हणजे पुण्यतिथी होती, आणि त्या दिवशी जरीनानं ती वाजवायची असं ठरलं होतं. आज मंगळवार.

"पाटीवर लिहून का नाही देत?" भरतेशनं पहिल्या दिवशीच विचारलं होतं.

"बोल लिहिता येतात," जरीना म्हणाली होती. "दम लिहिता येत नाही."

दम म्हणजे तिहाईतली मधली शांतता. एकच तुकडा तीनदा म्हणायचा, आणि दोन तुकड्यांच्या मधे थांबायचं. किती थांबायचं, ते लयीवर. या तिहाईत उस्ताद फार थांबत.

उस्तादांनी पुन्हा कळा दाबल्या.

"तिटकत गदिगन धा," डबा म्हणाला.

उस्तादांचं बोट हवेत थांबलं...

खट्. दिवा विझला.

"झोपला," जरीना म्हणाली.

"झोपला नाही, आपा. त्याला वाटलं, संपलं."

"मागच्या वेळी सगळं तोंडात धरून बसला होता. शेवटी एकदम ओकला."

"ते दुरुस्त केलंय. बोल साठवत होता. आता आला की लगेच बाहेर सोडतो."

"तोंड सुटलं म्हण की. आता कान राहिले."

भरतेश हसला नाही. त्यानं लॅपटॉप मांडीवर ओढला.

डब्यात एक छोटासा प्रोग्राम राहत होता. इंटरप्रिटर म्हणतात त्याला, म्हणजे दुभाषा. कळांच्या खुणा वाचायच्या, त्यांचा अर्थ लावायचा आणि बोल म्हणायचे, एवढंच त्याचं काम. भरतेशनं तो स्वतः लिहिला नव्हता. लहान यंत्रांत बसणारा, फुकट मिळणारा होता. पण असा दुभाषा येतो तेव्हा त्याला कान नसतात, तोंड नसतं. ज्याच्या घरी तो राहणार, त्यानं ते द्यायचे. इनपुट कुठून येईल, आउटपुट कुठे जाईल, हे घरमालकानं सांगायचं.

ते भरतेशनं सांगितलं होतं. तीन महिने खपून. दहावी अर्धी सोडलेल्या, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलानं.

त्याला वाटलं होतं, उस्ताद बघतील आणि म्हणतील... काय म्हणतील, ते त्याला नीट ठाऊक नव्हतं. पण काहीतरी म्हणतील. सहा वर्षांपूर्वी, त्यांचा शिष्य असताना, तो याच खोलीतून उठून गेला होता. का गेला, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दोन सेकंद कळ दाबली नाही, तर मी दुभाष्याला 'संपलं' असं कळवतो," तो म्हणाला. "पाच करतो."

केले.

"तिटकत गदिगन धा..."

खट्.

"दहा करतो."

उस्तादांनी लय आणखी उतरवली. बोट हवेत. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

खट्.

"अब्बा, तुम्ही मुद्दाम करताय," जरीना म्हणाली.

उस्तादांच्या भुवया वर गेल्या. पाटीवर अक्षरं उमटली.

"माझा दम हा मोजणार?"

भरतेशनं लॅपटॉप बाजूला ठेवला. त्याला आता खरंच कळेना.

"उस्ताद, वीस सेकंद ठेवले तरी तुम्ही एकवीस थांबाल. आणि कायमचंच थांबायला सांगितलं, तर सगळं आटोपल्यावरही तो वाट बघत बसेल. म्हणजे मी करू काय? आतल्याला तर दोन्ही सारखंच. पुढे काही येणार असतं तेव्हाही शांत, आणि काहीच येणार नसतं तेव्हाही शांत. त्यानं ओळखायचं कसं?"



उस्तादांनी तबला-डग्गा पुढे ओढला.

"अब्बा, बोटं..." जरीना म्हणाली.

त्यांनी मान हलवली. एक छोटीच तिहाई घेतली, शिकाऊ पोरांना देतात ती. हात कापत होता, पण धा स्वच्छ पडला.

एक तुकडा. धा.

थांबले.

दुसरा तुकडा. धा.

थांबले... हात वर. डोळे मिटलेले. खोलीत काहीच नाही...

"वा!" भरतेश म्हणाला.

जरीनानं तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलत होते.

तिसरा तुकडा आला. धा.

 उस्तादांनी पाटी घेतली.

"डबा बापावर गेलाय."

जरीना मोठ्यानं हसली. भरतेशही हसला. तुकडे तीन असतात हे ठाऊक असूनही, जिथं डबा फसला तिथंच तो फसला होता. आणि तो तर माणूस होता. त्याला कान होते.

"पण मग तुम्ही थांबलात, की संपवलंत, हे समोरच्यानं..."

उस्तादांनी बोट ओठांवर ठेवलं.

त्यांनी कोपऱ्यातली गवसणी उचलली. जुन्या लुगड्याची, आत कापूस भरलेली. हळूच तबल्यावर चढवली, नाडी ओढली, गाठ मारली. मग हात मांडीवर ठेवून बसले.

जरीनानं सवयीनं ओढणी सावरली आणि उठायला गुडघा टेकला.

त्या घरात एवढा एकच नियम होता. गवसणी पडली की शिकवणी संपली. त्याच्या आधी उठायचं नाही, मग उस्ताद बोलोत की न बोलोत. एकदा ते गप्प बसले तर दुपारची अजान होऊन गेली होती आणि सात पोरं पाय मुंग्यांनी भरेपर्यंत बसून होती.

भरतेश गवसणीकडे बघत राहिला.

मग डब्याकडे.

मग डब्याच्या झाकणाकडे. झाकणाखाली एक बारीक बटण होतं. झाकण लावलं की दिवा विझावा, बॅटरी वाचावी, एवढ्यासाठी त्यानं ते बसवलं होतं.

"आपा, बस जरा," तो म्हणाला. "अब्बांना म्हणावं, पाच मिनिटं."

"अब्बा इथंच आहेत. त्यांनाच म्हण."

उस्तादांनी गाठ सोडली आणि गवसणी काढून बाजूला ठेवली.

भरतेश टाइप करू लागला. सेकंद मोजणाऱ्या ओळी त्यानं पुसल्या. कळ आली नाही तर आता काहीच कळवायचं नाही. नुसतं थांबायचं. झाकण लागलं, तरच 'संपलं'. लिहायला फार नव्हतं. पुसायला होतं.

तरी त्याचा हात अडला.

"आणि झाकण लावायला कुणी विसरलं तर? हा असाच बसून राहील."

"मग राहू दे की," जरीना म्हणाली. "मी नाही बसले दोन वर्षं?"

त्यानं प्रोग्राम डब्यात चढवला आणि डबा उस्तादांपुढे सरकवला. हिरवा दिवा लागला.

उस्तादांनी डोळे मिटले. कळांवर बोटं फिरली.

डबा बोलू लागला. ही त्या छोट्या तिहाईसारखी नव्हती. बोल लांब होते, आडवे जात, परत येत. जरीना पुढे वाकली. तिची बोटं गुडघ्यावर हलू लागली.

धा.

उस्तादांचं बोट हवेत.

भरतेश मनात मोजू लागला. पाच... नऊ... बारा... मग त्यानं मोजणं सोडलं.

दिवा हिरवाच.

दुसरा तुकडा. धा.

ही शांतता आणखी मोठी होती. जरीना श्वास धरून बसली होती. भरतेशला वाटलं, गेला, नक्की अडकला, मी काहीतरी विसरलो. हात पुढे गेला. त्यानं तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला...

तिसरा तुकडा आला. जिथं पडायचा तिथंच धा पडला.

"एवढं थांबायचं?" जरीना हळूच म्हणाली. "अब्बा, एवढं? मी निम्मंदेखील थांबत नव्हते."

तिनं तबला ओढून घेतला. पहिला तुकडा चुकला. दुसऱ्यांदा घेतला. धा आला, आणि ती थांबली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते न पुसता थांबली.

उस्ताद तिच्या हाताकडे बघत होते. डब्याचं झाकण उघडंच होतं.

भरतेशनं लॅपटॉप पिशवीत घातला. बंद ओढला, पुन्हा सैल केला.

"उस्ताद..."

त्यांनी वळून पाहिलं.

"सहा वर्षांपूर्वी... मी इथं बसून तबल्यावर एक कायदा वाजवला होता. महिनाभर घोटून आणला होता. वाजवून झाला आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. फार वेळ. तेव्हा तर तुम्हाला आवाज होता."

जरीनाचा हात तबल्यावर तसाच राहिला.

"मला वाटलं, संपलं. माझ्या हातात काही नाही, आणि तुम्हाला ते तोंडानं सांगवत नाही. म्हणून मी उठलो. पुन्हा आलो नाही."

उस्तादांनी पाटी घेतली. ओल्या फडक्यानं पुसली. काहीतरी लिहिलं, पण पाटी वळवली नाही. छातीशी धरून बसले.

वेळ गेला...

भरतेश उठला नाही.

मग उस्तादांनी पाटी त्याच्याकडे वळवली.

"गवसणी घातली होती का मी?"