पोचूनं कोळसा भरला

कोळशाच्या खाणीजवळच्या एका गावात पोचू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणायचं आपलं, तोंडावर. सांगितलं तेवढंच करायचा, आणि तिथंच घात व्हायचा.

गावात कोळशापासून तेल काढायचा एक छोटा कारखाना आला. खटी साहेब तिथले मुख्य. वरून त्यांना ताकीद होती, वर्षभरात एक बाटली तेल दाखवा, नाहीतर कुलूप. पंधरा जणांची पोटं त्या बाटलीवर होती. तरी साहेबांनी पोचूला कामावर घेतलं. शिकलेली माणसंही चुकतात.

साहेब म्हणाले, "पोचू, हा कोळसा पिठासारखा बारीक दळून आण."

"समजलं जी."

पोचूनं तो गावच्या गिरणीतून दळून आणला. चार दिवस गाव काळ्या भाकरी खात होतं.

साहेब ओरडले, "अरे, आपलं यंत्र कशाला आहे? आणि दळलं की लगेच तेलात कालवायचं, म्हणजे भुकटी उडत नाही."

"समजलं जी."

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या घरच्या बाईसाहेबांनी गहू दळायला दिले. पोचूनं पीठ कारखान्याच्या तेलात कालवून घरी पोचवलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "ते खायचं तेल नाही रे! ते देणारं तेल. तापवलं की आपल्यातला हायड्रोजन कोळशाला देतं, तेव्हा कुठं कोळसा विरघळतो. देऊन देऊन ते रितं होतं, मग त्याला पुन्हा भरायचं. देणाऱ्याला रितं ठेवायचं नाही. समजलं?"

"समजलं जी."

मग एकदा चहासाठी दूध आणायला पाठवलं. पोचू रिकामा तांब्या घेऊन परतला.

"दूध कुठंय?"

"म्हशीनं सारं देऊन टाकलं जी. रिती झाली बिचारी. तिलेच पाजून आलो."

"गाढवा! म्हशीचं म्हैस बघेल. तू फक्त कोळशाचं बघ!"

"समजलं जी."

वर्ष सरलं. बाटली भरली. तिच्यापायी किती गाड्या कोळसा गेला, ते विचारू नका. साहेबांनी ती टेबलावर ठेवली. "मी येईपर्यंत इथलं बघ," असं पोचूला सांगून ते बाटली बघायला आलेल्या मोठ्या साहेबांना हार घालायला फाटकाकडं धावले.

सगळे आत आले. टेबलावर रिकामी बाटली.

"तेल कुठंय?" खटी साहेबांनी बाटली उलटी करून पाहिली.

पोचूनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. तेल काढून उरलेल्या कोळशाचा चोथा तिथं ढीग करून टाकलेला होता.

"कोळशानं सारं तेल देलं जी. रिता पडला होता. भरून टाकला."

खटी साहेब मटकन खाली बसले. पोचू काळजीनं ढिगाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पण ढीग मोठा हाय जी. एका बाटलीनं काय होते? मोठ्या साहेबाले म्हणा, अजून चार बाटल्या द्या."