परदेशी पाइप

कोल्हापूरच्या शकूर मिस्त्रींकडे गिरणीमालक धैर्यशीलरावांची साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्‌स कार दुरुस्तीला होती. तिच्या इंजिनाचा धूर बाहेर सोडायला रावांनी परदेशातून चकचकीत पाइपांचा संच मागवला.

मिस्त्रींनी तो इंजिनाला लावून पाहिला. "साहेब, हा डावीकडं स्टिअरिंग असलेल्या गाडीचा संच आहे. आपलं स्टिअरिंग उजवीकडं, त्याचा दांडा या पाइपांच्या आड येतो. मी इथंच नवे पाइप वाकवून देतो."

सोबत आलेल्या, जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या मित्रांसमोर राव तुच्छतेनं हसले. "परदेशी इंजिनिअरांपेक्षा तुला जास्त कळतं? या पाइपांना हातोडी लावायची नाही. रविवारच्या फेरीत हेच दिसले पाहिजेत. नाहीतर या गावात तुझ्याकडं गिऱ्हाईक फिरकणार नाही!"

रविवारी सकाळी सगळा क्लब गॅरेजपुढं जमला. पाइप झळकत होते. राव ऐटीत गाडीत बसले आणि दचकले.

"स्टिअरिंग कुठाय?"

"डिकीत ठेवलंय, साहेब. दांड्यासकट काढलं, तेव्हा कुठं पाइप बसले."

"अरे मूर्खा, मग गाडी वळणार कशी?"

"वळेल कशाला?" मिस्त्री शांतपणे म्हणाले. "मालकच एकदा निघाले की कुणाचं ऐकून वळत नाहीत. गाडी मालकाच्या वळणावर गेली!"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते रावांचे मित्रच. राव त्यांच्यापैकी एकाच्या गाडीत मागं बसून फेरीला गेले. सोमवारी त्यांचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला: नवे पाइप तुम्हाला हवे तसे वाकवा.

मिस्त्री म्हणाले, "वाकवतो की. पण आधी साहेबांना स्वतः येऊन सांगू दे. थोडं त्यांनाही वाकता येतंय का बघू."