मगदूमांचा नकाशा

"या दगडांच्या लगोऱ्या तुम्हीच रचल्यात ना?"

श्रीपाल मगदूमांचा आवाज चोर पकडल्यासारखा होता.

"हो," बुढनशा म्हणाला.

"कशासाठी?"

"माणसं इकडे यावीत म्हणून."

मगदूमांनी मागे वळून आपल्या मंडळींकडे पाहिलं. बघा, मी सांगत नव्हतो? असं ते पाहणं होतं.

बुढनशा त्या बेटावरचा म्हातारा फकीर. डोंगराच्या खांद्यावर, एका पिराच्या थडग्याशेजारी त्याची झोपडी होती. चहूकडे समुद्र, आणि समुद्रातून सरळ वर उठलेले काळे कडे. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, तेव्हा इचलकरंजीचं पायवाट मंडळ हे डोंगर पालथे घालायला इथे आलं होतं. अकरा माणसं, म्होरके मगदूम. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी शिखरावरून उतरायला लागले आणि धुकं आलं, सुनंदा खोतांचा पाय मुरगळला, आणि दिसेल ती लगोरी धरत मंडळी उतरली ती थेट फकिराच्या दारात.

लाँच चार वाजता सुटायची होती. ती चुकली तर पुढची गुरुवारी. घड्याळात दीड वाजला होता, आणि चढताना धरलेली उत्तरेची वाट सुनंदाताईंच्या पायाला झेपणारी नव्हती.

मगदूमांबद्दल एक सांगायला हवं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मगदूमांचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ते जन्मापासून फुंकतच होते. चौदा वर्षं मंडळ चालवलं, कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याचं श्रेय ते आपल्या संशयी स्वभावाला देत. खोटं का बोला, थोडंफार श्रेय होतंही.

फकिराने सगळ्यांना काळा चहा दिला. मगदूमांनी आपल्या कपाचा वास घेतला आणि तो तसाच खाली ठेवला. थडग्यापाशी एक पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणाला चीर होती. ती चीर त्यांनी आल्या आल्याच पाहून ठेवली होती.

"म्हणजे वाट चुकलेली माणसं इथे येणार, आणि डब्यात काहीतरी टाकणार."

"टाकतात कधी कधी."

म्हाताऱ्याने कबूल करावं, हे मगदूमांना फारच संशयास्पद वाटलं. लबाड माणूस इतक्या सहज कबूल करतो तेव्हा त्याच्या पोटात आणखी काहीतरी असतं, असा त्यांचा अनुभव होता. म्हणजे अनुभव नव्हता, पण खात्री होती.

खाली बंदरावर जायचं कसं, असं सुनंदाताईंनी विचारलं. झोपडीच्या मागून पूर्वेला वाट आहे, लांबची आहे, पण लंगडत गेलात तरी दोन तासांत पोचाल, असं बुढनशाने सांगितलं.

मगदूमांनी खिशातून नकाशा काढला. चार महिने खपून त्यांनी तो स्वतः काढला होता. त्यावर पूर्वेला वाटच नव्हती. पश्चिमेला होती, लाल पेन्सिलीने ठळक रेघ ओढलेली. झोपडीपासून नीट खाली, पाऊण तासात बंदर.

"पश्चिमेच्या वाटेबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत," ते म्हणाले.

"तू विचारलं नाहीस."

"मग आता विचारतो. वाट आहे की नाही?"

"मी नाही म्हणालो तर ऐकशील?"

मगदूमांनी मनात हिशेब मांडला. नाही म्हणाला तर हा आपल्याला अडवतोय, हो म्हणाला तर आपल्याला खड्ड्यात घालतोय. दोन्ही उत्तरं त्यांनी आधीच नापास करून ठेवली होती.

"ऐकशील?" फकिराने पुन्हा विचारलं.

मगदूमांनी नकाशातल्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"मग चल तुझ्या वाटेने."

इतक्या लवकर कबूल झाला? मगदूमांच्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांना एक युक्ती सुचली आणि आपल्याच हुशारीवर ते खूश झाले. म्हाताऱ्याला पुढे घालायचं. वाट वाईट असेल तर तो पाऊल टाकणार नाही, काहीतरी निमित्त काढेल. पाऊल टाकलं तर वाट चांगली. आणि धुक्यात पळून जाऊ नये म्हणून कमरेला दोर.

"तुम्ही पुढे व्हा," ते म्हणाले. "दोराचं दुसरं टोक माझ्याकडे राहील."

सुनंदाताई म्हणाल्या, "मगदूमसर, अहो, सत्तरीच्या पुढचं माणूस आहे ते."

"बांध," बुढनशा म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात वर केले.

मगदूमांनी गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. गाठीवरही त्यांचा विश्वास नव्हता.

फकीर पश्चिमेला वळला आणि चालू लागला. त्याने काठीने चाचपडलं नाही, मागे वळून पाहिलं नाही. नमाजाला निघालेला माणूस चालतो तसा तो बेताने चालत होता. पाच पावलं. आठ पावलं. धुक्यात त्याची पाठ पुसट झाली, मग दिसेनाशी झाली. दोर मात्र मगदूमांच्या हातांतून सरकत राहिला.

म्हातारा थांबला नव्हता. त्याने निमित्त काढलं नव्हतं. मगदूमांच्या हिशेबाने वाट चांगली ठरली होती. आता मागोमाग निघायचं, एवढंच उरलं होतं.

त्यांचे पाय हलले नाहीत.

चार महिने खपून काढलेला नकाशा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यातली ती लाल रेघ. ती कुठून घेतली होती आपण? कुणी सांगितलं होतं? आठवेना. आजवर साऱ्या जगावर संशय घेतला, या एका रेघेवर कधी घेतला नव्हता.

दोर सरकत होता.

त्यांच्या मुठी आवळल्या. त्यांनी ठरवून आवळल्या नाहीत, मुठींनी त्यांना विचारलंच नाही. दोर कातळाला अडकवून, टाचा रोवून ते सगळ्या अंगाने मागे रेलले. दोर ताठ झाला. पलीकडे कुणाचं तरी सगळं वजन त्यावर आलं होतं.

"थांबा," ते म्हणाले.

मंडळातल्या चौघांनी धावत येऊन दोर धरला. एकेक हात करत त्यांनी तो मागे ओढला. धुक्यातून आधी पांढरी दाढी दिसली, मग बुढनशा. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. तो खाली बसला आणि कमरेची गाठ सोडू लागला. गाठ पक्की होती, वेळ लागला.

मगदूमांच्या तळव्यांची सालं निघाली होती. फकिरासमोर ते गुडघ्यांवर बसले.

"बाबा... तिकडे कडा आहे?"

बुढनशाने सोडलेला दोर त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मला काय विचारतोस? दोर तू आवळलास."