उस्तादाने सरळ केलेली होडी

फार फार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्याइतकाच खारट होता पण आपल्या या किनाऱ्याचे नकाशे अजून कुणी काढले नव्हते, तेव्हा एका खाडीच्या मुखाशी एक लहानसं राज्य होतं. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या आजोबांनो, ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. आवाज चढला तर सांभाळून घ्या.

त्या राज्यात एका वादळात चाळीस होड्या बुडाल्या. राणीने धक्क्यावर एक भिंत बांधायला घेतली आणि दवंडी पिटवली, "ज्या घरचं माणूस गेलं, त्या घराने आपल्या हाताने एक फरशी रंगवावी. भिंतीवर तीच बसेल."

फरश्या रंगवायच्या होत्या राज्यातल्या एका उस्तादाच्या कारखान्यात. ही कला तो थेट पोर्तुगालच्या कारागिरांकडून शिकून आला होता. पांढऱ्याशुभ्र फरशीवर निळी चित्रं! त्याचा हात इतका सफाईदार की बघत राहावं. आणि तोरा? तोही बघत राहावा असाच.

"हा पांढरा लेप कच्चा आहे," त्याने फरश्या रंगवायला आलेल्या घरोघरच्या बायकांना बजावलं. "कुंचला टेकला की रंग आत मुरतो, मग रेघ खोडता येत नाही. आत्ता रंग राखेसारखा दिसेल. भट्टीतून निघाला की निळा होईल."

त्या बायकांत मिठागरात राबणारी एक बाई होती. मिठाने तिची बोटं चिरलेली, त्यांत कुंचला धरणं म्हणजे शिक्षाच. तरी ती दिवसभर मान वर न करता बसली आणि तिने आपल्या नवऱ्याची होडी काढली. डाव्या अंगाला कललेली, शिडाला हे एवढं ठिगळ. होडी होतीच तशी. घरी तिची सासू होती, नजर अधू झालेली. ती धक्क्यावर उभी राहून लांबूनच म्हणायची, "कललेली दिसते ना, तो माझाच लेक." डोळे मिटायच्या आत ती होडी पुन्हा एकदा बघायची, एवढाच आता म्हातारीला ध्यास होता. सुनेने तिला तसा शब्द दिला होता.

बायका घरी गेल्या. उस्तादाने चाळीस फरश्यांवरून नजर फिरवली आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"असली वेडीवाकडी चित्रं राणीला दाखवू? माझं हसं होईल!"

त्याने सगळ्या फरश्या हौदात धुऊन काढल्या. नवा लेप दिला. मग टाचणीने भोकं पाडलेला आपला जुना कागद काढला, त्यावरून कोळशाची पूड थापटली आणि चाळीसही फरश्यांवर एकच जहाज उमटवलं. तीन डोलकाठ्यांचं, ताठ, देखणं. त्यावर रंग फिरवला आणि भट्टी पेटवली. कुणाला विचारलं? एकीलाही नाही.

भिंत उघडी झाली तेव्हा परगावच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. "वा, काय सुरेख!" म्हातारी सुनेचा हात धरून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेली. डोळे फरशीला टेकवून टेकवून तिने पाहिलं.

"सूनबाई, माझ्या लेकाची होडी कुठली गो?"

सुनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तडक उस्तादापुढे जाऊन उभी राहिली.

"माझी होडी कुठाय?"

"बाई, तुझी होडी कललेली होती," उस्ताद हसून म्हणाला. "मी सरळ करून दिली. उपकार मान."

"कललेलीच होती ती!" बाई कडाडली. "माझा नवरा त्या कललेल्या होडीतून गेला. तुझ्या या जहाजात कोण बसलंय? सांग ना! कोण बुडालंय या जहाजातून?"

धक्क्यावरचे लोक बाजूला सरले. राणी पुढे आली.

"उस्ताद, यातलं हिच्या घरचं जहाज दाखवा."

उस्तादाने बोट उचललं. ते या फरशीवरून त्या फरशीवर गेलं, थोडा वेळ हवेत राहिलं आणि खाली आलं.

राणीने त्या चाळीसही फरश्या उतरवून उस्तादाच्या कारखान्याच्या उंबऱ्याशी जमिनीत बसवल्या. रोज येता-जाता त्याने आपल्याच देखण्या जहाजांवर पाय द्यायचा. पुढचा लेप त्यानेच कालवायचा, भट्टीही त्यानेच राखायची, पण लोकांच्या फरशीला कुंचला लावायचा नाही.

बायकांनी पुन्हा फरश्या रंगवल्या. महिन्याने भिंत उभी राहिली. कुठे फुटक्या वल्ह्याची होडी, कुठे नुसतंच जाळं, आणि मधोमध एक कललेली होडी, ठिगळासकट. लांबूनही ओळखू येईल अशी.

पण म्हातारी आठ दिवसांपूर्वीच गेली होती.

उस्तादाने बाईच्या पायावर डोकं ठेवलं. लोक म्हणाले, झालं गेलं विसर, माफ कर त्याला. बाईने पाय मागे घेतले आणि ती मिठागराच्या वाटेला लागली. तिने माफ करायला हवं होतं असं मी तरी म्हणणार नाही.

लक्षात ठेवा: दुसऱ्याने मायेने काढलेली वाकडी रेघ त्याला न विचारता सरळ करू नये, कारण त्या रेघेबरोबर त्याचं माणूसही पुसलं जातं.