उठून गेलेलं शेत

एकदा काय झालं, गऊबाई नावाची एक बाई होती. एकटा जीव, स्वभाव हट्टी, आणि जगात तिचं म्हणाल तर एक शेत. बांधावर जांभूळ, कडुलिंब आणि चिंच. त्यांच्या सावलीतली ज्वारी खुरटी यायची, म्हणून ती रोज चरफडायची.

मग तिनं जांभूळ तोडलं. पाखरं निघून गेली, ज्वारीवर अळी पडली. मग कडुलिंब तोडला. विहीर आटली. तरी बाईसाहेब काही शहाण्या होईनात! मग चिंचही तोडली, आणि सकाळी जाऊन बघते तर काय? शेत नाही! पीक नाही असं नव्हे रे, शेतच नाही! नुसता उघडा खडक.

ओढ्याकडे मातीचा माग गेलेला, बरं का. ती रडत रडत मागोमाग गेली. तर पलीकडच्या रानात, करंजाच्या सावलीला, तिचं शेत अंग चोरून बसलेलं!

"घरी चल रे बाबा," ती कशीबशी म्हणाली.

"कशाला येऊ?" शेत म्हणालं. "उन्हानं पाठ भाजते. वारा ओढतो, पाऊस ढकलतो, आणि मला धरून ठेवायला तिथं एक मूळ नाही."

मग गऊबाईनं बांधावर खड्डे घेतले, रोपं लावली. दिवसभर लोकांच्या रानात मजुरी करायची आणि संध्याकाळी डोक्यावरून पाणी आणून घालायची. शेजारच्या दौलततात्यांनी तिचं बघून आपलीही झाडं तोडली होती. ते पोट धरून हसले. "शेताचा पत्ता नाही, नि झाडं कुणासाठी गं?"

मग पुष्कळ पावसाळे गेले. रोपांची झाडं झाली. आणि एका सकाळी गऊबाई बांधावर आली, तर काय! शेत परत आलेलं! काळंभोर, ओलसर. तिनं मातीत हात खुपसले आणि मोठ्यानं रडली. पण शेत दुप्पट कसं दिसतंय?

तेवढ्यात दौलततात्या अनवाणी धावत आले. "गऊबाई, माझं शेत गेलं गं! हे काय, तुझ्या शेताला चिकटून बसलंय!"

"बसू द्या तात्या, दमलंय ते," गऊबाई म्हणाली. "तुम्ही तोवर खड्डे घ्या."

मग तात्यांनी खड्डे घेतले, आणि दोघंही पोटभर जेवून सुखानं राहिले. चला, डोळे मिटा आता.